घराचा अंगठा

सीतादहीचा दहीभात जयवंताबाईनं सकाळीच कालवला होता. विहिरीच्या वावरातली कापसाची पहिली वेचणी त्या दिवशी. वेचणीला हात लावण्याआधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दगड मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं आणि दहीभात वावरात शिंपडायचा, ही वांकिडीकडची रीत. हळदकुंकू थोरली जाऊ देवकाबाई वाहायची, कारण जयवंताबाई विधवा. पण दहीभात मात्र जिचं वावर तिनं शिंपडायचा, आणि वावर जयवंताबाईचं होतं. नवरा गेल्यावर सासऱ्यानं ते तिच्या नावानं करून दिलं होतं. ती आणि तिची लेक सुभद्रा, दोघींचं पोट त्या वावरावर होतं आणि दोघींची मानही.

धुऱ्यावर एक अनोळखी माणूस बसला होता. हातात काठी, डोक्याला रुमाल, आणि बसणं असं ऐसपैस की वरची बाभळ जशी त्यानंच लावली.

"इथं कापूस वेचायचा नाही," तो म्हणाला. "वावर तालुक्याच्या शेठजीनं घेतलं. रजिस्ट्री झाली."

"कोणी देल्लं शेठजीले?" देवकाबाईनं विचारलं.

"जयवंताबाईनं."

"अरे, हेच तर जयवंताबाई हाय. हे काय उभी."

माणसानं जयवंताबाईकडं नीट पाहिलं. काही वाईट माणूस नव्हता तो, रोजानं आणून बसवलेला. "आता माय, मले कसं समजंल? मले सांगून ठेवलं, जयवंताबाईनं कचेरीत येऊन अंगठा देल्ला म्हणून. तुमी जयवंताबाई कशावरून?"

बावीस घरांचं ते गाव, सारी माणसं तिला ओळखत होती, पण कशावरून म्हणून कुणी कधी विचारलं नव्हतं. वेचणीला आलेल्या बाया खाली बघायला लागल्या. दहीभाताचं गंज तसंच कमरेवर घेऊन ती घरी परतली. देवकाबाई तिच्या मागोमाग आली.

घरात पाऊल ठेवल्यावर जयवंताबाईच्या लक्षात आलं. "कागद," ती म्हणाली. "बाई, कागद त्यायच्यापाशी हाय."

ते म्हणजे सुधाकरराव. कापसाचे दलाल. दर हंगामात या घरचा चहा प्यायलेले, आणि चहात साखर कमी पडली तर हक्कानं मागून घेणारे. दसऱ्याच्या सुमारास ते आले होते. तेव्हा गावोगाव एकच बोलणं चाललं होतं, की हैदराबादचं राज्य मोडून राह्यलं. राजुरा मुंबईकडं जाणार, आपण आंध्रात. कुठलं दफ्तर कुठं जाईल याचा कुणाला पत्ता नव्हता. सुधाकरराव म्हणाले होते, "वहिनी, जुन्या सरकारचे कागद आता रद्दी. ज्याच्या कागदावर नवा शिक्का नाही, त्याचं वावर सरकारजमा. आणा, मी तालुक्याला जाऊनच राह्यलो, तुमचंबी काम करून आणतो." यशवंतराव, म्हणजे घरचे थोरले, देवकाबाईचे मालक, तेव्हा बैल घ्यायला बाजारहत्नूरकडं गेले होते. जयवंताबाईनं पेटीतून कागद काढून दिला. वर साखर घालून चहाही दिला. तो चहा आठवून तिला आता सगळ्यात जास्त राग येत होता.

*

तिचा भाऊ व्यंकटेश बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात कारकून होता. निरोप मिळाल्यावर तो आला, पण सरळ आला नाही. वाटेत तालुक्याच्या गावी उतरून कचेरीतून विक्रीच्या दस्ताची नक्कल घेऊनच आला. सुभद्रा शाळेसाठी त्याच्याकडंच राहायची, तिला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं.

ओसरीवर यशवंतराव आणि व्यंकटेश बसले. बायका माजघराच्या दाराशी. जयवंताबाई भासऱ्यांपुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, बोलत नसे, पदर घेऊन आत उभी राही. तिला काही सांगायचं असलं तर ती देवकाबाईच्या कानाशी सांगायची आणि देवकाबाई ते बाहेर सांगायची. सांगताना त्यात पदरचं थोडं घालायची. इतकी वर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

"कागदात लिहिलंय," व्यंकटेश म्हणाला, "की जयवंताबाई, मयत भगवंतरावांची बायको, स्वतः हजर झाली, राजीखुशीनं वावर विकलं, अंगठा दिला. गवाह दोन. एक तर सुधाकररावच."

"म्हणजे कोणी बाई उभी केली त्यानं," यशवंतराव म्हणाले.

"केली. तोंडावर पदर घेतला की कोण बघतो. दाजी, आता हातपाय गाळायचे नाहीत. उद्याच तहसिलीत अर्ज द्यायचा की ही विक्री खोटी, शेठच्या नावानं फेर करू नका. नाव एकदा चढलं की उतरवता उतरवता पुढची पिढी म्हातारी होईल. तिथूनच पोलिसात जायचं. आणि गावात दवंडी द्यायची."

"दवंडी काऊन?"

"शेठनं हे पुढं कोणाले विकू नये म्हणून. वावरावर भांडण हाय हे साऱ्यायले माहीत पाहिजे."

यशवंतरावांनी पानाचा डबा उघडला आणि पान न लावताच मिटला. माणूस सरळ होता, पण कचेरीचं नाव काढलं की ते मागं सरायचे. निजामाच्या वेळेस एका चुकीच्या शिक्क्यापायी त्यांच्या वडिलांना तालुक्याला जोडे झिजवावे लागले होते, ते त्यांनी पाहिलं होतं. "गावभर तमाशा," ते म्हणाले. "घरची बाई फसली म्हणून ढोल बडवायचा."

"फसली यात तिची काय लाज, दाजी? ज्यानं फसवलं त्यानं लाजावं. आपण झाकत बसलो की त्याचंच फावतं."

"सुधाकरराव भेटला होता मले. काल, बाजारात."

हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. देवकाबाईनं दारातून मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं.

"तो म्हणते, शेठले मी समजावतो. थोडंफार द्या, कागद वापस आणून देतो. आन् अर्ज कराचा असंल तर खुशाल करा म्हणते. मंग जुना अंगठाबी निघंल म्हणते."

"जुना अंगठा म्हणजे?" व्यंकटेशनं विचारलं. "ते तर बरंच झालं की. आपण अर्ज केला की अक्काचा अंगठा घेतील, सासऱ्यांनी वावर नावावर केलं तेव्हाच्या अंगठ्याशी ताडून पाहतील. दोन्ही एक निघाले, विक्रीचा वेगळा निघाला, की संपलं."

यशवंतराव पानाच्या डब्याकडं बघत राहिले.

"तो जुना अंगठा माहा हाय," देवकाबाई म्हणाली.

*

देवकाबाई धीट. या घरात सून म्हणून आली त्याच वर्षी तिनं कचेरी पाहिली. सासूच्या माहेरच्या वाट्याचा काही कागद होता, आणि सासू बयनाबाई म्हणाली, मी मेली तरी त्या शिपायांत जाणार नाही. तेव्हा सासऱ्यानं नव्या सुनेला पदर घेऊन उभं केलं. बयनाबाई म्हणून तिनं अंगठा दिला. घरी आल्यावर सगळे हसले, सासूनं तिला लाडू दिला. कुणाला त्यात पाप वाटलं नाही. वावर घरचं, बाई घरची, अंगठाही घरचाच.

मग भगवंतराव गेले. जयवंताबाई वर्षभर उंबऱ्याबाहेर पडायची नव्हती. सासरा म्हातारा, उद्या आपणही जाऊ म्हणून घाईला आलेला. वावर धाकटीच्या नावानं करायचं तर घेणारीचाही अंगठा हवा. देवकाबाईनं पुन्हा पदर ओढला. 'हीच जयवंताबाई' म्हणून गवाही दिली ती सुधाकररावांनी. घरचेच होते ना ते.

आता तीच गवाही त्यांनी धड्यासारखी वापरली होती. एकदा खोटी जयवंता चालली, तर दुसऱ्यांदा का चालणार नाही?

"तुमी बोलत काऊन नाही, व्यंकटेशराव?" यशवंतरावांनी शेवटी विचारलं.

"विचार करतोय."

"मी केला. देवका जाईल. जयवंता म्हणूनच जाईल. तिचा अंगठा जुन्याशी बरोबर जमंल. सुधाकरराव काय बोलंल? मी तवा खोटी गवाही देल्ली म्हणंल? आपल्याच पायावर धोंडा पाडंल काय तो?"

व्यंकटेशला हे आवडलं नाही, पण खोडून काढणंही जमलं नाही. खरं सांगायचं तर त्याच्याही मनात आलं, की वावर तर वाचतंय. त्यानं एवढंच विचारलं, "अक्का काय म्हणते?"

सवयीनं सगळ्यांनी देवकाबाईकडं पाहिलं. देवकाबाईनं मागं वळून पाहिलं तर दारात कुणी नव्हतं. जयवंताबाई चुलीशी गेली होती.

*

ज्वारीच्या भाकरी थापायचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठा येत होता. देवकाबाई तव्याजवळ बसली.

"ऐकलं ना तू?"

"ऐकलं."

"मंग? जाऊ मी?"

जयवंताबाईनं भाकर उलटली. "बाई, तुमी गेल्या तर वावर वाचंल. मले मालूम हाय. पण मंग मी कोण?"

"आता हे काय बोलणं झालं."

"त्या माणसानं धुऱ्यावर इचारलं, तू जयवंता कशावरून. मले सांगता आलं नाही. परवा पुन्हा कोणी इचारंल. मंग काय मी तुमाले बलावू धुऱ्यावर, अंगठा दाखवाले?" तिचा आवाज चढला नव्हता, पण हात थांबला होता. "तवाबी मले कोणी इचारलं नाही. मी आत पडून होती. तुमी जाऊन आल्या, मामंजींनी सांगतलं, झालं बरं का काम. मले चांगलंच वाटलं. पण मले एकदा इचाराचं तरी होतं, बाई."

देवकाबाईला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. इतक्या वर्षांची धिटाई, तिचं सगळे कौतुक करत आलेले, आणि ही आज भाकरी थापता थापता ती चोरी होती असं सांगत होती. ती उठून जायला निघाली. मग पुन्हा बसली. कारण मघाशी नवरा ओसरीवर 'देवका जाईल' म्हणाला तेव्हा त्यानंही तिला विचारलं नव्हतं. सासऱ्यानं विचारलं नव्हतं. उभी राह म्हटलं की उभी राह्यली, एवढंच. धीट कसली, सोयीची होती ती.

"खरं बोललं तर मले धरतीन काय गं?" तिनं विचारलं.

"मालूम नाही." जयवंताबाईनं तिच्याकडं पाहिलं. "म्हणून तर मी तुमाले चाला म्हणत नाही. मी एकटी जाते. माहा अंगठा कशाशीच जमणार नाही, पण माहा तर राहील."

"एकटी जाते म्हणे. कचेरीचं दार कुठल्या अंगाले हाय हेतरी मालूम हाय का तुले?" देवकाबाईनं परातीतला पिठाचा गोळा ओढला. "सरक. तुह्या भाकरी जाड होऊन राह्यल्या."

रात्रीची जेवणं उरकायच्या आधीच देवकाबाईनं ओसरीवर जाऊन सांगितलं, की दोघी जाणार, आणि आपापल्या नावानं जाणार. यशवंतराव म्हणाले, घरची अब्रू जाईल. ती म्हणाली, घरची अब्रू माझ्याच अंगठ्यावर उभी असेल तर तिचं काय करायचं ते मला ठरवू द्या. असं ती नवऱ्याला उभ्या जन्मात बोलली नव्हती. व्यंकटेश मान खाली घालून अर्ज लिहायला बसला. त्यानं काही खाडाखोड केली नाही, जसं झालं तसं लिहिलं, जुन्या अंगठ्यासकट.

यशवंतरावांनी मग पान लावलं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बंडी मी जुंपतो. बायकामाणसं बसनं जाणार नाहीत."

*

कचेरीवरची पाटी नवी होती, आतली माणसं निम्मी जुनी. अधिकारी नुकताच बदलून आलेला, तेलुगू बोलणारा, शांत माणूस. मराठी त्याला येत नव्हती. जुना पेशकार, कचेरीचा कारकून, मध्ये उभा राहून दोन्हीकडचं सांगत होता.

अर्ज वाचून अधिकाऱ्यानं देवकाबाईला विचारलं, हे खरं आहे का.

"खरं हाय," देवकाबाई म्हणाली. "तो जुना अंगठा माहा. विक्रीचा माहाही नाही आन् हिचाबी नाही. तिघीयचेबी ताडून पाहा."

"तुम्ही खोटा अंगठा दिला होता, याचं काय करायचं ते मला वर विचारावं लागेल."

"इचारा."

बाहेर व्हरांड्यात उभ्या यशवंतरावांनी डोळे मिटून घेतले.

अधिकाऱ्यानं पेशकाराला विचारलं, विक्रीच्या दिवशी ती बाई आली तेव्हा तुम्ही होतात? पेशकार होता. कशी दिसत होती ते त्याला सांगता येईना, पदर हनुवटीपर्यंत होता. नाव-गाव विचारलं होतं? विचारलं होतं साहेब. तिनं स्वतः सांगितलं? हो, तिनंच. नवऱ्याचं नावही तिनंच, फटकन. आणि हे सांगता सांगता पेशकार थांबला. तो स्वतः याच भागातला. त्याच्या घरात त्याची आई, बायको, कुणी कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. बाया कचेरीत आल्या की नवऱ्याचं नाव सोबतचं कुणीतरी सांगायचं, हे तो नोकरीभर बघत आला होता. "साहेब," तो हळूच म्हणाला, "आमच्याकडची बाई असं फटकन सांगत नाही." आणि का ते त्यानं साहेबाला समजावलं.

अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं. मग जयवंताबाईकडं वळून पेशकारामार्फत विचारलं, "बाई, तुमचं नाव?"

"जयवंताबाई."

"कोणाची बायको?"

देवकाबाई सवयीनं पुढं झाली. दिराचं नाव ती बिनदिक्कत घ्यायची. पण अधिकाऱ्यानं हात वर केला. आज दुसऱ्या कुणी सांगायचं नाही, ज्याचं त्यानं सांगायचं, असं तो म्हणाला. दुसऱ्यानं सांगितल्यामुळंच हे सगळं झालं होतं, ते त्याला भाषा न समजताही समजलं होतं.

ते नाव जयवंताबाईनं आजवर फक्त लग्नात आणि हळदीकुंकवात उखाण्यातून घेतलं होतं, लाजत, यमकात लपवून. नवरा गेल्यावर उखाणेही संपले. दाराबाहेर भासरे उभे होते. समोर परके पुरुष. पेशकारानं टाक दौतीत बुडवला, तो वाळला, पुन्हा बुडवला. अधिकारी घाई करेना. तो पेशकाराला एवढंच म्हणाला, की त्या दुसऱ्या बाईला इतका वेळ लागला नसेल.

जयवंताबाईनं पदर कपाळापर्यंत मागं सारला.

"भगवंतराव," ती म्हणाली. "मी भगवंतरावाची बायको."

हे अधिकाऱ्याला सांगायला पेशकाराची गरज पडली नाही. व्हरांड्यात यशवंतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. तिच्या तोंडून धाकट्या भावाचं नाव असं उघड त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

मग अंगठे घेतले, आधी देवकाबाईचा. शाई लागलेलं बोट कसं टेकवायचं ते जयवंताबाईला माहीत नव्हतं. देवकाबाईनं शिकवायला हात पुढं केला आणि परत घेतला. पहिला ठसा फरकाटला. दुसरा नीट उमटला. जयवंताबाई वाकून त्याच्याकडं बघत राहिली, आणि पेशकारानंही तिला बघू दिलं.

निकाल काही त्या दिवशी लागला नाही. फेर थांबला, एवढं झालं. अंगठे हैदराबादला तपासायला जाणार होते, सुधाकररावांना बोलावणं जाणार होतं, आणि देवकाबाईचं काय होणार ते वरून कळायचं होतं. व्यंकटेश पोलिसात कागद देऊन आला. परतताना बंडीत दोघी जावा शेजारी बसल्या, दोघींचे अंगठे काळे. दवंडी यशवंतरावांनी स्वतः सांगून दिली, आणि तीत 'आमच्या घरची' असं न म्हणता जयवंताबाईचं नाव घ्यायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंताबाई पुन्हा वावरात गेली. दहीभात तिनं नव्यानं कालवला होता, दही चांगलंच आंबलं होतं. धुऱ्यावर तोच माणूस बसला होता. तिला बघून तो उठला, पण काठी आडवी धरायची ती त्यानं धरलीच.

"माय, मले तर कोणी काही सांगतलं नाही," तो म्हणाला. "कोण म्हणून सांगू शेठजीले?"

"सांग, जयवंता आली होती," ती म्हणाली. "भगवंतरावाची. आपलं वावर वेचाले."

त्यानं काठी बाजूला घेतली. देवकाबाईनं दगड मांडले, हळदकुंकू वाहिलं, आणि दहीभाताचं गंज जावेच्या हातात दिलं.